आमच्या गल्लीतली परदेशी

"पुढं कुठं बसायचं ते आधी सांगा. मग उठते."

आत्याबाईंचं हे वाक्य आमच्या गल्लीतल्या लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. खुर्चीवरून उठण्याआधी त्या मान वळवून सगळी वाट डोळ्यांखालून घालायच्या. उंबरा कुठं, पायरी कुठं, ओली फरशी कुठं, आणि मुख्य म्हणजे पुढची बैठक कुठं. ती दिसली की दोन्ही तळवे वॉकरवर ठेवायच्या आणि जाहीर करायच्या, "कुणी हात लावायचा न्हाय. बाजूला व्हा." तरीही एखादा दयाळू माणूस पुढं झालाच, तर त्याच्या मनगटावर चापट बसायची. मग तो सरपंच असो नाहीतर जावई.

तुमच्याही ओळखीत अशी पाय थकलेली माणसं असतील. बहुतेकजण कुठं जायचं म्हटलं की आधी नाही म्हणतात. आत्याबाई आधी हो म्हणायच्या आणि मग खुर्चीची चौकशी करायच्या.

मी अणदूरची सून. हमरस्त्याला माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, दाखले, पॅनकार्ड, जे लागेल ते. कोणत्या कामाला कोणते कागद याच्या याद्या मी भिंतीवर चिकटवून ठेवल्या आहेत. माणसं त्या यादीला टेकून उभी राहतात आणि मला विचारतात, काय काय लागतंय? आत्याबाई मात्र पहिल्यांदा आल्या तेव्हा यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "सूनबाई, ह्यात व्हिसा न्हाय."

नव्हताच. अणदूरला व्हिसा कोण मागणार?

आत्याबाई आमच्याच गल्लीत जन्मल्या, म्हणून गल्लीतल्या सगळ्या सुनांच्या त्या आत्याबाई. सोलापुरात नर्सिंग शिकल्या, लग्न झालं, नवऱ्यामागं इंग्लंडला गेल्या. तिथल्या दवाखान्यात निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. मूलबाळ नव्हतं. तिकडच्या सोयीसाठी तिकडचं नागरिकत्व घेतलं, ते घेताना फार विचार केला नव्हता. नवरा गेला, त्यानंतर न्हाणीघरात पडून खुबा मोडला, आणि मग एक दिवस त्या वॉकर घेऊन माहेरी आल्या. भाऊ आधीच गेला होता. घरात भावजय एकटी. तिला सगळी गल्ली वैनीच म्हणते.

दोघींचं भांडण चहावरून सुरू व्हायचं. आत्याबाईंना बिनसाखरेचा लागायचा.

"तिकडं राहून जिभंची चव गेली तुझी," वैनी म्हणायच्या.

"चव हाय. तुझ्या चहात चहाच गावत न्हाय, निस्ता पाक हाय."

"मग कर की उठून."

"उठते. सैपाकघरात खुर्ची ठिवली का?"

असं म्हटलं, की वैनी कपाळावर हात मारून बिनसाखरेचा चहा टाकायच्या.

इतकी वर्षं बाहेर काढून त्यांची भाषा जशी नेली होती तशीच परत आली होती. आमची पोरं पेशंट ॲडमिट करतात. आत्याबाई आयुष्यभर इंग्रजी दवाखान्यात वावरल्या, पण इथं आल्यावर विचारायच्या, "कोण शरीक झालंय का सोलापूरला?" गावातली म्हातारी माणसं तो शब्द ऐकून खूश व्हायची. माझ्या कॉलेजातल्या मुलीला मी समजावून सांगितलं, शरीक म्हणजे दवाखान्यात दाखल. गंमत बघा, गावात राहिलेल्या माणसांचं बोलणं बदललं, आणि गाव सोडून गेलेलीनं ते जपून ठेवलं होतं.

एकच सवय तिकडची आणली होती. रांगेची. आमच्या गिरणीत डबे एकमेकांना ढकलत पुढं जातात, हे तुम्हाला सांगायला नको. आत्याबाई गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या, की डबे आपोआप एका ओळीत लागायचे. एकदा एका बाईनं डबा हळूच पुढं सरकवला. आत्याबाईंनी वॉकरच्या पायानं तो हळूच मागं सरकवला. तोंडानं चकार शब्द नाही, दोघीही समोर बघत होत्या. गिरणीवाला म्हणायचा, "आत्या, रोज येत जावा, चहा माझ्याकडं."

तर व्हिसा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसाला इथं कायमचं राहण्याचं कार्ड मिळतं, पण त्याला जुने भारतीय कागद लागतात. आत्याबाईंचे ते कागद तिकडं घरं बदलताना कुठंतरी गेले. म्हणून त्या मुदतीच्या व्हिसावर राहायच्या आणि मुदत संपत आली की ती वाढवून घ्यावी लागायची. आधीच्या वेळी हे काम सोलापूरच्या कुणा ओळखीच्यानं केलं होतं. यंदा ते माझ्याकडं आलं. मी माहिती काढली, फोटो काढला, कागद चढवले, पोच घेतली आणि यादीतल्या त्या ओळीवर बरोबरची खूण केली. खूण जरा लवकर झाली.

अर्जानंतर राहत्या पत्त्यावर पोलिसांची चौकशी होते. शेजारीपाजाऱ्यांना विचारतात, जबाब घेतात. हे मी फक्त आत्याबाईंना सांगितलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात त्या खुबा दाखवायला सोलापूरला गेल्या आणि डॉक्टरांनी त्यांना तिथंच ठेवून घेतलं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून घरी आले, तर गल्ली लग्नघरासारखी खुशीत. समोरच्या घरातले आबा कट्ट्यावर मांडी ठोकून बसलेले. मला बघताच म्हणाले, "सूनबाई, पोलीस आलता. घालवून दिला!"

"कशासाठी आलता, आबा?"

"इच्यारत होता, इथं कुणी परदेशी बाई ऱ्हाते का? आमी म्हनलो, इथं कुठली परदेशी? समदी आपली माणसं हायती."

मी वैनींकडं वळले. "आणि तुम्ही काय म्हणालात, वैनी?"

वैनी पदर खोचून दारात उभ्या. "म्या काय म्हननार? परदेशी-बिरदेशी इथं कुणी न्हाय म्हनलं. त्यो आत बघू का म्हनला. बघ म्हनलं. खाट हाय, कपाट हाय. कुणाची खोली म्हनला. आमच्या लेकीची म्हनलं."

"गिरणीवाल्यानंबी तेच सांगितलं," आबा म्हणाले. "समद्या गल्लीचा एकच जबाब. एकाबी माणसाचा पाय घसरला न्हाय."

त्यांना वाटलं होतं की पोलीस आत्याबाईंना घेऊन जायला आलाय. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या दारात उभं राहून आत्याबाईंना वाचवलं होतं, आणि असं वाचवलं होतं की त्यांचा अर्जच बुडाला.

काही दिवसांनी निरोप आला. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचं आढळलं नाही. जिल्ह्याच्या कार्यालयात स्वतः हजर राहून खुलासा करावा, नाहीतर मुदत वाढणार नाही आणि देश सोडण्याची तयारी ठेवावी लागेल.

आत्याबाई सोलापूरहून परतल्या होत्या. मी त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या ओसरीवर होत्या. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "जायचं कुठं पर? तिकडं घर न्हाय आता."

वैनी आतून ओरडल्या, "कुटं जायची न्हाय ती! म्या बघते कोण नेतंय!"

"तू बघितलंस की एकदा," आत्याबाई म्हणाल्या. "तेवढं पुरं झालं."

बोलल्या हसून, पण त्या दिवशी त्यांनी वैनींच्या हातचा गोड चहा मुकाट प्याला. वैनींनी साखर घातली होती हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी घरी येऊन वहीच्या कोऱ्या पानावर नवी यादी केली. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही. कार्यालयात फोन करून विचारलं: कोणता मजला, जिना किती रुंद, खाली बसायला जागा आहे का, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे का. फोनवरचा माणूस शेवटच्या प्रश्नाला गोंधळला, पण उठून बघून आला आणि हो म्हणाला. मजला पहिला. लिफ्ट नव्हती. जिन्यावर वॉकर चालत नाही.

"खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागेल," मी म्हणाले. "चार धडधाकट माणसं लागतील."

आत्याबाई भडकल्या. "म्या काय मढं हाय का चौघांच्या खांद्यावर जायला?"

वैनी म्हणाल्या, "देव जातोच की खांद्यावर. त्यो काय मढं हाय व्हय?"

आमच्या खंडोबाचं तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. मूर्ती एकच, देवळं दोन. एक आमच्या अणदूरला, एक शेजारच्या नळदुर्गला. वर्षातला काही काळ देव तिकडं राहतो, बाकीचा आमच्याकडं. पालखीतून नेतात, पालखीतून आणतात. आणि दर वेळी दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात की देव इतके दिवस राहील आणि ठरल्या दिवशी परत जाईल. कराराशिवाय पालखी हलत नाही.

आत्याबाईंना तो करार आठवला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आगं, म्हंजी मल्हारीचंबी व्हिसाचंच हाय की! मुदत भरली की कागद, कागद झाला की मुक्काम." त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "बोलवा मग पालखीवाल्यास्नी. देवाला लाज न्हाय तर मला कशाची?"

पालखीला खांदा देणारी चार माणसं यायला तयार झाली. मी उंच बैठकीची गाडी ठरवली, चढायला लाकडी पाट घेतला, हातवाली भक्कम खुर्ची, उशी, पाणी, गोळ्या, कागदांचे तीन संच. वैनी येणार नव्हत्या. ऐन वेळी शेंगदाण्याच्या चटणीची डबी आणि भाकरी घेऊन गाडीत बसल्या आणि धाराशिव येईपर्यंत आत्याबाईंचा हात सोडला नाही.

कार्यालयाच्या जिन्यापाशी आत्याबाईंनी नेहमीची चौकशी केली. वर बसायची जागा आहे ना? आहे. मग खुर्चीचे हात घट्ट धरले. चौघं वाकले, एकानं इशारा केला, आणि उचलताक्षणी चौघांच्याही तोंडून सवयीनं मोठ्यानं निघालं, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

सगळं कार्यालय बाहेर आलं. वरच्या मजल्यावरचे कारकून कठड्याशी, खालचे लोक जिन्याशी. मला वाटलं, गेलं आता. आत्याबाई खुर्चीत ताठ बसून दोन्ही बाजूंना मान डोलवत वर चालल्या होत्या. एका शिपायानं तर हात जोडले.

ते काम बघणाऱ्या अधिकारी बाई स्वतःच दाराशी आल्या. माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. हसू दाबत म्हणाल्या, "आजी, तुम्ही पत्त्यावर राहत नाही असा अहवाल आहे. शेजाऱ्यांनी खोटं का सांगितलं?"

"खोटं न्हाय सांगितलं, बाईसाहेब," आत्याबाई म्हणाल्या. "त्येंच्या मतानं खरंच सांगितलं."

अधिकारी बाईंनी माझ्याकडं बघितलं, वैनींकडं बघितलं, त्या चार माणसांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. चौकशी पुन्हा करायला सांगते. पण या खेपेला सगळ्यांना सरकारच्या मतानं सांगायला लावा. परदेशी नागरिक इथं राहतात, हे घरमालकाच्या तोंडून स्पष्ट आलं पाहिजे. नाहीतर मला काही करता येणार नाही."

परतताना वैनींनी चटणीची डबी उघडलीच नाही. घर वैनींच्या नावावर आहे.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीला आबांच्या कट्ट्यावर बसवलं आणि तालीम घेतली. मी हवालदार झाले. "इथं परदेशी नागरिक राहतात का?"

"राहत्यात," आबा म्हणाले, "पर आमच्याच हायत."

"ते 'पर' काढा, आबा."

"राहत्यात. निस्त्या नावाला."

"आबा!"

गिरणीवाला लगेच शिकला. बायकांना हसू यायचं, पण शिकल्या. वैनी तेवढ्या उठून घरात गेल्या. मी मागं गेले. त्या भांडी घासत होत्या, घासलेलीच.

"म्या न्हाय म्हननार," त्या म्हणाल्या. "तिच्या भावानं मरताना सांगितलंय, बहिणीला घरात जागा दे. आन् म्या दारात हुबी ऱ्हाऊन तिला परकी म्हनू? माझी जीभ झडंल."

याच्यावर माझ्याकडं कुठली यादी नव्हती.

हवालदार आला तो मागच्या वेळचाच होता. आधीच गालातल्या गालात हसत आला, कारण वरून त्याला सगळं कळलं होतं. गल्ली नको इतकी तयार होती. त्यानं तोंड उघडायच्या आत आबा कट्ट्यावरून ओरडले, "हाय हाय, परदेशी हाय! लई परदेशी हाय!"

गिरणीवाला पीठ झटकत धावत आला. "साहेब, एकदम पक्की परदेशी. रांग लावती सगळ्यांना!"

आत्याबाई ओसरीवर खुर्चीत होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हवालदारानं त्यांचा पासपोर्ट बघितला, फोटो ताडून बघितला, शेजाऱ्यांचे जबाब लिहिले. मग वैनींकडं वळला. "मावशी, घर तुमचं. तुम्ही सांगा."

वैनी खांबाला धरून उभ्या. तोंड उघडेनात. हवालदार थांबला. चांगला माणूस, त्यानं घाई केली नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "म्हण गं वैनी. तू म्हनलीस म्हणून म्या तिकडची हुत न्हाय. तू न्हाय म्हनलीस तर मात्र हुईन."

वैनींनी पदर तोंडाशी धरला. त्यातूनच म्हणाल्या, "हाय. परदेशी हाय. माझ्याच घरात ऱ्हाती." एवढं झालं आणि त्या तिथंच खाली बसून लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.

हवालदारानं ते लिहून घेतलं. मग वैनींनाच चहा मागितला. तेवढ्यानं त्या उठल्या.

मुदत वाढल्याचा कागद आला तेव्हा मी दुकान तसंच उघडं टाकून पळत घरी आले. असं मी कधी करत नाही. आत्याबाई पालेभाजी निवडत होत्या. मी धापा टाकत नवी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवून थोडा हिशेब केला.

"पुरंल की," त्या म्हणाल्या.

"पुरंल काय? परत भरायचा!" वैनी कडाडल्या, आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरी शिरा गेला. आबा दोनदा घेऊन गेले. मला त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

मुदत पुरली. थोडी उरलीही. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आत्याबाई बिनसाखरेचा चहा पिऊन परत जरा आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. आपल्या भावाच्या घरात, आपल्या खाटेवर, सगळे कागद चालू असताना. मला विचाराल तर मला रडण्याआधी हायसं वाटलं. हे कुणाला सांगायचं नसतं, पण तुम्हाला सांगते.

आमच्याकडं बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. निरोप धाडतात, माहेरचं माणूस ते घेऊन येईपर्यंत थांबतात. इथं निरोप धाडायला दुसरं गावच नव्हतं. वैनींनी आपल्या पेटीतलं एक काढून ठेवलं. मी पुढच्या कामांची जुळवाजुळव करत होते, तोवर कोपऱ्यावरच्या घरातून एक आलं. मग शेजारून. मग गिरणीवाल्याची बायको आली, पदराखाली घडी धरून. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. प्रत्येक घरानं परस्पर ठरवलं होतं की माहेर आपणच. खाटेच्या पायथ्याशी लुगड्यांची चळत लागली.

वैनींनी एकेक घडी मोडून सगळी अंगावर घातली. शेवटचं आबांनी आणलेलं होतं, ते हिरवंगार, मोठ्या काठाचं. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय. एक बाई हलकेच म्हणाली, "आवो, विधवेला हिरवं?"

वैनींनी काठ नीट सारखा केला.

"ती सासरला," त्या म्हणाल्या. "इथं लेक हाय. हिरवंच वर ऱ्हाऊ द्या."